दुपारी बंद पडणारा छोटा गेमिंग पीसी: रामबागेतल्या एका मशीनचं निदान

लक्षण असं. मे महिना, दुपारी साडेतीनला गेम सुरू होतो आणि चारच्या आसपास मशीन एकदम गप्प होतं. स्क्रीन काळी, पंखे थांबलेले, बटणाचा दिवासुद्धा गेलेला. कधी दोन सेकंदांनी आपोआप सुरू होतं, कधी बटण दाबावं लागतं. तेच मशीन तोच गेम रात्री दहानंतर दोन-दोन तास चालवतं आणि काही होत नाही. गेल्या उन्हाळ्यातही असंच झालं होतं. पाऊस सुरू झाल्यावर थांबलं, म्हणून विषय तिथेच राहिला. यंदा एप्रिलअखेरीस परत सुरू झालं तेव्हा ठरवलं की आता मुळापर्यंत जायचं. पुढच्या उन्हाळ्यात आणखी कुणाला उपयोग व्हावा म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे.

मशीन मीच जोडलेलं, भाच्यासाठी. इंदूरला रामबागेतलं आमचं जुनं घर आहे. तिथे एकच मोठी खोली; एका बाजूला माझ्या आईचा, म्हणजे त्याच्या आजीचा, पलंग आणि दुसऱ्या बाजूला त्याचं टेबल. दुपारी आई पडलेली असते. त्यामुळे आवाज नको, जागा फार नको आणि विजेचं बिल वाढायला नको, या तीन अटी पहिल्या दिवसापासून होत्या. साधारण दहा लिटरचं कॅबिनेट, १७ बाय १७ सेंटिमीटरचा मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड, एएमडी रायझन ५ ५६०० प्रोसेसर, त्याच्यावर बुटका कूलर, ८ जीबीचं आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड आणि ४५० वॅटचा छोटा एसएफएक्स एसएमपीएस, म्हणजे भिंतीवरची वीज मशीनला लागेल तशी करून देणारा डबा. ग्राफिक्स कार्ड निवडताना मी वेगापेक्षा वॅटकडे जास्त बघितलं. ४०६० ठरलेल्या मर्यादेत ११५ वॅट घेतं, आणि एवढ्याशा डब्यात त्याच्या वर जायची माझी तयारी नव्हती. सुटे भाग आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधून आणले, एका रविवारी जोडले, आणि पहिले आठ महिने मशीन चालू आहे की बंद हे दिव्याकडे बघूनच कळायचं.

आधी बंद कसं पडतं ते बघा

इथे घाई केली तर पुढची सगळी मेहनत चुकीच्या दिशेला जाते. "बंद पडलं" या एकाच शब्दात तीन वेगळे आजार असतात.

स्क्रीन काळी झाली पण पंखे चालू राहिले, किंवा एकदम पूर्ण वेगाने घोंगावू लागले, तर संशय ग्राफिक्स कार्डावर घ्यायचा. निळी स्क्रीन आली, किंवा चित्र गोठलं आणि आवाज अडकल्यासारखा घरघरत राहिला, तर रॅम, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा फार खाली ओढलेलं व्होल्टेज. आणि दिव्यासकट सगळं एका क्षणात गेलं, तर वीज तुटली आहे. मग ती एसएमपीएसने स्वतःला वाचवायला तोडलेली असेल, नाहीतर एसएमपीएसपर्यंत पोचलीच नसेल.

प्रोसेसर तापला म्हणून मशीन पटकन विझलं, असं आजकाल फार क्वचित होतं. ५६०० ची तापमानाची मर्यादा ९० अंश आहे. तिथे पोचला की तो आधी आपला वेग कमी करतो, गेम अडखळायला लागतो. अडखळणं दिसलं नाही आणि थेट अंधार झाला, तर एकट्या प्रोसेसरला दोष देऊ नका.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे मशीनमधल्या घटनांच्या नोंदवहीत, तुम्हाला "कर्नल-पॉवर ४१" ही नोंद सापडेल. तिचा अर्थ फक्त एवढाच की मशीन नीट शटडाऊन न होता बंद झालं. का झालं, ते ती सांगत नाही. ही नोंद बघून नवा एसएमपीएस विकत घेतलेले लोक मी पाहिले आहेत. तिच्याच जवळपास "व्हिया-लॉगर" अशी, म्हणजे हार्डवेअरच्या चुकीची, नोंद असेल तर मात्र प्रोसेसरची सेटिंग तपासायला हवीत. आमच्याकडे नुसती ४१ होती.

म्हणजे गडबड विजेच्या बाजूला होती. पण एसएमपीएससुद्धा जास्त तापला की स्वतःला बंद करतो, आणि त्याचं तापमान दाखवणारा सेन्सर आमच्या मशीनमध्ये नाही. म्हणून आधी उष्णता निकालात काढायची ठरवली.

खोलीचं तापमान लिहून ठेवा

एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात नोंद फाइलमध्ये साठवायची सोय आहे, दर दोन सेकंदांनी एक ओळ. मशीन विझलं तरी शेवटची ओळ राहते, आणि तीच आपल्याला हवी असते. पण नुसतं "कार्ड ८४ अंश" या आकड्याला अर्थ नसतो. खोली किती तापली होती, ते शेजारी लिहायला हवं. पंखे आणि वॅट सारखे असतील तर यंत्राचं तापमान आणि ते ओढत असलेल्या हवेचं तापमान यांतला फरक साधारण कायम राहतो. हवा दहा अंशांनी तापली की कार्डही साधारण दहा अंशांनी तापतं. त्यामुळे फरक तोच असेल तर ऋतू बदललाय, मशीन ठीक आहे. फरक महिन्यागणिक वाढत चालला असेल तर जाळी धुळीने भरली आहे किंवा चिप आणि तिचा कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळली आहे.

माळव्यात रात्र लवकर गार होते, त्यामुळे एकाच दिवसात दोन्ही वाचनं मिळतात. रात्री खोली २७ अंश, कार्ड ७०, प्रोसेसर ७५. दुपारी खोली ३४, कार्ड ८४, प्रोसेसर ८९. खोली सात अंशांनी तापली आणि मशीन मात्र चौदा अंशांनी. हे गणित बसत नव्हतं.

थर्मामीटर समोरच्या भिंतीवर होता. तो काढून मशीनच्या शेजारी ठेवला. रात्री तिथे २९ अंश. दुपारी त्याच जागी ४३.

मशीन होतं कोनाड्यात. जुन्या घराची दीड हात जाडीची भिंत, त्यात दिव्यासाठी केलेला खोल कोनाडा, आणि आमचं कॅबिनेट त्यात असं बसलं होतं की जणू मापाने केलंय. आईला तर फार आवडलं होतं, टेबल मोकळं राहिलं म्हणून. मी एक उदबत्ती पेटवली आणि गेम चालू असताना कॅबिनेटच्या मागच्या जाळीजवळ धरली. धूर मागे गेला, भिंतीला लागला, वर वळला, कोनाड्याच्या कमानीखालून पुढे आला आणि बाजूच्या जाळीतून सरळ ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यात शिरला. भाचा शेजारी उभा होता. म्हणाला, "मामा, हे तर आपलंच सोडलेलं परत पितंय." रात्री खिडकी उघडी असते आणि वारा समोरून थेट कोनाड्यात येतो, म्हणून तेव्हा हे चालून जात होतं. दुपारी लू आत यायला नको म्हणून खिडकी बंद आणि पडदा ओढलेला. (उदबत्ती जाळीपासून चार बोटं लांब धरा, राख आत जाऊ देऊ नका, आणि अर्ध्या मिनिटात बाजूला करा. तेवढ्यात दिसायचं ते दिसतं.)

मशीन टेबलावर आणलं. मागे भिंतीपासून एक वीत, आणि ज्या बाजूला कार्डाचे पंखे आहेत ती बाजू पूर्ण मोकळी. प्रोसेसरचा बुटका कूलर आणि बाजूचा पत्रा यांच्यामध्ये बोटभर पोकळी होती, तिथूनही आतली गरम हवा परत ओढली जात होती. दाराच्या फटीला लावतात ती फोमची पट्टी कूलरच्या पंख्याभोवती चौकोनात चिकटवली, पत्रा लावला की ती जराशी दाबली जाईल एवढ्या जाडीची. आता त्या पंख्याला बाहेरचीच हवा मिळते. त्याच ३४ अंशांच्या खोलीत कार्ड ७६ वर आलं, प्रोसेसर ८१ वर. खर्च फक्त फोमच्या पट्टीचा.

वॅट कमी करा, पंख्याचं नंतर बघा

आवाज अजून होता. नवे, महागडे, शांत पंखे घेऊया असं भाचा म्हणत होता, आणि बहुतेक लोक हाच रस्ता धरतात. मला तो पटत नाही. छोट्या डब्यात पंख्याचं काम एकच, आत तयार झालेली उष्णता बाहेर टाकायची. ती आत तयारच झाली नाही तर टाकावी लागत नाही. इंदूरच्या मे महिन्यात खोलीची हवाच गरम असते, त्यामुळे दुप्पट पंखा लावूनही मिळणारा फायदा थोडा आणि आवाज भरपूर.

भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचा वॉटमीटर घेतला. पूर्ण जोरात गेम चालू असताना मॉनिटर सोडून मशीन २३६ वॅट घेत होतं.

पहिलं काम, फ्रेमला लगाम. भाच्याचा मॉनिटर ७५ हर्ट्झचा, आणि कार्ड सेकंदाला १४० फ्रेम काढत बसलेलं. त्यातल्या जवळजवळ निम्म्या मॉनिटर पूर्ण दाखवूच शकत नाही, पण त्यांची वीज आणि उष्णता मात्र पूर्ण. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये कमाल फ्रेमची मर्यादा ७२ ला ठेवली. गेमच्या मुख्य मेन्यूवर येणारा "चिंईई" असा बारीक आवाजही त्याने गेला. तो पंख्याचा नव्हता. मेन्यूचं चित्र सोपं असल्याने कार्ड तिथे शेकडो फ्रेम काढत होतं आणि त्याच्यावरची कॉइल थरथरत होती.

दुसरं, कार्डाचं व्होल्टेज. एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये व्होल्टेज आणि वेग यांचा आलेख उघडतो. तिथे कमी व्होल्टेजवर तोच वेग, किंवा अगदी थोडा कमी वेग, मागायचा. मी २५ मिलिव्होल्टच्या पायरीने खाली गेलो आणि प्रत्येक पायरीवर अर्धा तास गेम चालवला. एका टप्प्यावर ड्रायव्हर कोसळला, तिथून दोन पायऱ्या वर येऊन थांबलो. दुसऱ्याचे आकडे उचलून टाकू नका. एकाच मॉडेलची दोन कार्डंही सारखी नसतात. आणि हिवाळ्यात जमलेलं सेटिंग मे मध्ये कोसळू शकतं, म्हणून परीक्षा दुपारीच घ्या.

तिसरं, प्रोसेसर. ५६०० हा ६५ वॅटचा म्हणून विकला जातो, पण सॉकेटमधून तो ७६ वॅटपर्यंत घेऊ शकतो. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) इको मोड ४५ वॅटवर ठेवला की ही मर्यादा साधारण ६१ वर येते. शिवाय कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये सगळ्या कोअरना उणे १५ दिलं, म्हणजे तोच वेग थोड्या कमी व्होल्टेजवर मागितला. गेममध्ये फरक मोजायला गेलो तर हाताला लागला नाही, कारण या मशीनवर बहुतेक वेळ प्रोसेसर कार्डाचीच वाट बघत असतो. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याला मात्र तो जाणवेल.

एवढ्यावर भिंतीवरचा आकडा १६० झाला. ७६ वॅट कमी. रोज तीन तास धरले तर महिन्याला साधारण ७ युनिट. मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की कार्डाचा पंखा मिनिटाला १९०० फेऱ्यांवरून ११५० वर आला आणि तरी कार्ड ६८ अंशांवर, प्रोसेसर ७१ वर. नवा पंखा एकही घेतला नाही.

पंख्यांच्या सेटिंगबद्दल थोडक्यात. कानाला त्रास होतो तो वर-खाली होणाऱ्या आवाजाचा. एकसारखी हळू घुमघुम दोन मिनिटांत ऐकू येईनाशी होते. प्रोसेसरचं तापमान एखादं पान उघडलं तरी क्षणभर दहा अंश उसळतं आणि पंखा त्याच्यामागे धावतो. बायोसमध्ये पंख्याला प्रतिसाद द्यायला उशीर लावायची सोय असते, ती जास्तीत जास्त ठेवा, आणि ६५ अंशांपर्यंत आलेख आडवा करा.

आणि तरीही बंद पडलं

आठवडाभर सगळं शांत होतं. आठव्या दिवशी चार वाजता परत अंधार. नोंदीची शेवटची ओळ बघितली: कार्ड ६७, प्रोसेसर ७०. म्हणजे उष्णतेचा प्रश्न खरा होता, तो सुटलाही होता, पण बंद पडायचं कारण ते नव्हतंच.

कारण आईने सांगितलं. ती डोळे मिटून पडली होती, झोपलेली नव्हती. म्हणाली, "अरे, वरच्या काकांनी मोटर लावली की तुमचं ते बंद पडतं. आधी टक् असं वाजतं."

टक् वाजत होतं यूपीएसमध्ये, म्हणजे वीज गेली की बॅटरीवर मशीन चालू ठेवणाऱ्या डब्यात; मशीन त्यालाच जोडलेलं होतं. आतला रिले भिंतीवरच्या विजेवरून बॅटरीवर जातो तो आवाज. उन्हाळ्यात वरचे काका चार वाजता बोअरची मोटर लावून खोली गार करायच्या पाण्याच्या कूलरची टाकी भरतात. नळाचं नर्मदेचं पाणी प्यायला-वापरायला लागतं, कूलरला बोअरचंच. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सात पट करंट खेचते आणि तेवढ्यात घरातलं व्होल्टेज कोसळतं. दिवे मंद झालेले आम्ही रोज बघत होतो. यूपीएस लगेच बॅटरीवर जातो, आणि बॅटरी होती तीन वर्षांची. हिवाळ्यात कूलर नाही, मोटर दुपारी लागत नाही; आणि रात्री ती उन्हाळ्यातही लागत नाही. अर्धा तास खेळल्यावर बंद पडतं हे आम्ही तापण्याचं लक्षण समजलो होतो. तो फक्त साडेतीन आणि चार यांतला अर्धा तास होता.

खात्री करायला दोन चाचण्या केल्या. तीन दिवस दुपारी मशीन यूपीएस सोडून थेट भिंतीला लावलं: मोटर लागली, दिवे मंद झाले, मशीन चालू राहिलं. मग रात्री, मोटर नसताना, यूपीएसवर गेम चालू ठेवून भिंतीवरचं बटण बंद केलं: सेकंदात अंधार. (प्लग उपटू नका, बटणच बंद करा, म्हणजे अर्थिंग जोडलेलं राहतं. आणि अपडेट चालू असताना ही चाचणी करू नका.)

हिशोब मांडला तेव्हा नवल वाटलं नाही. यूपीएस ६०० व्हीए, म्हणजे प्रत्यक्षात ३६० वॅट. पूर्वी मशीन आणि मॉनिटर मिळून २६० वॅट. आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची एक बॅटरी. यूपीएसमधलं नुकसान धरलं तर तिच्यातून २५ अँपिअरच्या वर ओढलं जात होतं. नवी असताना ती हे काही मिनिटं झेलते. लेड-अॅसिड बॅटरीचं आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं, आणि आमचा यूपीएस कोनाड्याखाली, त्याच गरम हवेत, तीन उन्हाळे बसला होता. वॅट कमी केल्यावर ओढ १९ अँपिअरवर आली म्हणून आठवडाभर निभावलं.

नवी बॅटरी टाकली आणि रात्रीची चाचणी परत केली. मशीन चालू राहिलं. तुमच्याकडे नव्या बॅटरीवरही विझत असेल, तर यूपीएसच्या लहरीचा आकार बघा. साधे यूपीएस बॅटरीवर असताना पायऱ्या-पायऱ्यांची लहर देतात, आणि अॅक्टिव्ह पीएफसी (भिंतीवरून घेतलेला करंट सुधारणारं सर्किट) असलेले काही एसएमपीएस ती सहन करत नाहीत. मग शुद्ध साइन लहरीचाच यूपीएस घ्यावा लागतो. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन चालवणाऱ्यांनी इन्व्हर्टरच्या मागचं छोटं बटण "यूपीएस" मोडवर आहे ना ते बघावं. दुसऱ्या मोडवर तो व्होल्टेज फार खाली जाईपर्यंत थांबतो आणि बदलायलाही जास्त वेळ घेतो. पंखे-दिव्यांना चालतं, मशीनला नाही.

दिवे इतके मंद का होतात, तेही इलेक्ट्रिशियनला बोलावून बघितलं. मीटरजवळच्या बोर्डात न्यूट्रलचा स्क्रू सैल होता, तार काळी पडली होती. ती कापून नव्याने घट्ट केली तेव्हा मोटर लागताना होणारी पडझड बरीच कमी झाली. हे स्वतःच्या हाताने करू नका. जुन्या घरांत सैल न्यूट्रल नुसता पीसी बंद पाडून थांबत नाही.

पाण्याच्या कूलरच्या झोतात मशीन ठेवू नका, एवढं एक राहिलं. बोअरचं पाणी जड असतं. त्याच्या क्षारांचा पांढरा थर आमच्या जाळीवर पंधरा दिवसांत जमला होता, नखाने खरवडला तर पापुद्रा निघत होता. आता मशीन आणि कूलर खोलीच्या दोन टोकांना आहेत. जाळी महिन्यातून एकदा धुऊन, पूर्ण वाळवून लावतो, आणि आत ब्रश फिरवताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवतो.

यूपीएसवर पांढरी चिकटपट्टी लावून बॅटरी बदलल्याची तारीख लिहिली आहे. खाली भाच्याने कालच्या दुपारचे आकडे पेन्सिलने टाकलेत: खोली ३५, कार्ड ६९, प्रोसेसर ७२, चार वाजून पाच मिनिटांनी टक्, गेम चालू.